अकरा करंड्या जांभळं आणि एक वेबसाइट

अंबरनाथ (पूर्व),
जूनचा दुसरा मंगळवार

तीर्थस्वरूप मधूमामांना, उन्मेषचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. दारात जे आलं आहे त्याचा खुलासा पुढे येईलच, पण आधी पत्र पूर्ण वाचा. मधेच उठून फोन लावू नका. मी उचलणार नाही.

तुम्हाला माहीतच आहे, आमची कंपनी परराज्यात गेली आणि सोळा वर्षं क्वालिटी खात्यात काढलेला तुमचा भाचा घरी बसला. (बसला म्हणजे शब्दशः नव्हे. तुमची भाचेसून प्राची म्हणते, दहा मिनिटं एका जागी बसून दाखव, तुझा सत्कार करते. हे पत्रसुद्धा मी आतापर्यंत डायनिंग टेबल, गॅलरी आणि वॉशिंग मशीनचं झाकण अशा तीन ठिकाणी लिहिलं आहे.) गेल्या वर्षी कोर्स केला आणि छोट्या धंदेवाल्यांना वेबसाइट करून द्यायचं काम सुरू केलं. आता कोणी हाताने कोड लिहीत नाही. तयार प्लॅटफॉर्म मिळतात, त्यात आपण फोटो आणि मजकूर बसवायचा, झाली वेबसाइट. सोपं आहे. फक्त प्लॅटफॉर्म कुठला घ्यायचा तेवढं ठरवायचं, आणि मामा, तिथेच माझं घोडं गेले पाच महिने अडलं आहे.

क्वालिटीवाल्याची खोड जात नाही हो. तीन नमुने मागवल्याशिवाय आणि तुलनेचा तक्ता केल्याशिवाय मी कधी साधा वॉशर पास केला नाही. मग प्लॅटफॉर्म कसा करणार? बावीस रकान्यांचा तक्ता केला. पहिला प्लॅटफॉर्म दिसायला नवरदेवासारखा, पण मोबाइलवर उघडेपर्यंत चहा होतो. दुसऱ्यात हवं ते करता येतं, पण त्याला रोज काहीतरी अपडेट लागतं, आणि एक अपडेट केलं की दुसरं बंद पडतं. तिसरा दुकानदारीसाठी उत्तम, पण भारी आगाऊ. न विचारता कुणालाही मेसेज पाठवतो. शेरा लिहिला: होल्ड. तिन्हींवर होल्ड.

उल्हासनगर कॅम्प चारमधले हरेशभाई म्हणून एक आहेत, जीन्सच्या कारखान्यांना चेन आणि बटणं पुरवतात. त्यांना मी तक्ता दाखवला. त्यांनी बावीस रकाने शांतपणे पाहिले आणि म्हणाले, “साईं, सब अच्छा है, मेरा फोन नंबर कौनसे में बड़ा दिखता है?” हा रकानाच नव्हता. मी तेविसावा काढला. तोवर त्यांनी नंबर दुकानाच्या शटरवर रंगवून घेतला आणि त्यांचं काम झालं.

पण हरेशभाईंची घाई नव्हती. घाई होती ती संजीवनीबाईंची. या बदलापूर गावातल्या. घरामागे त्यांची चौदा जांभळाची झाडं आहेत, आजेसासऱ्यांनी लावलेली. झाडं ज्या जागेवर आहेत तिच्यावर एका बिल्डरचा डोळा आहे आणि तो दर आठवड्याला येऊन चहा पिऊन जातो. संजीवनीबाईंचा नवरा धर्मराज कंटाळून सही करायच्या बेतात होता. दोघांत ठरलं ते असं: या हंगामात गावाबाहेरून गिऱ्हाईक आलं तर झाडं राहतील, नाहीतर जूनअखेर सही. जांभळाचा हंगाम तो केवढा, तीन आठवडे! म्हणून बाई माझ्याकडे आल्या, जानेवारीत. दादा, वेबसाइट काढून द्या. आणि मी? मी त्यांना जूनपर्यंत तक्त्याचे रकाने समजावत होतो. मामा, खरंच लाज वाटते लिहायला.

झाडं जांभळी व्हायला लागली तेव्हा माझा धीर सुटला. शनिवारी ठरवलं, शेवटची चाचणी घ्यायची आणि एक प्लॅटफॉर्म पास करायचा. चाचणी म्हणजे खोट्या ऑर्डरी टाकून बघायच्या. पण खोटी नावं, खोटे पत्ते टाकायला मन धजेना. (नमुना खरा नसेल तर तपासणीला अर्थ काय?) मग आमच्या धाकट्या राजसीच्या लग्नात पत्रिका वाटायला जी यादी केली होती ती काढली. पिनकोडसकट पत्ते, तुमच्या बहिणीच्या अक्षरात. त्यातले अकरा उचलले आणि प्रत्येकाच्या नावाने पाच-पाच किलो जांभळं मागवली. पैशांचा रस्ताही तपासायचा म्हणून पैसे खरेच भरले. (हे प्राचीला कळलेलं नाही.) आणि हे सगळं केलं त्या आगाऊ तिसऱ्या प्लॅटफॉर्मवर. फॉर्ममध्ये मालकाचा मोबाइल विचारला होता, तिथे मी प्रामाणिकपणे संजीवनीबाईंचाच मोबाइल भरला होता.

सोमवारी सकाळी संजीवनीबाईंना सांगायला गेलो की अजून चार दिवस द्या, चौथा प्लॅटफॉर्म सापडला आहे. अंगणात पाऊल टाकलं तर काय, ओळीने अकरा करंड्या! धर्मराज झाडावर, त्यांची म्हातारी आई विठाबाई करंड्यांत पानं अंथरतायत, आणि संजीवनीबाई धावत आल्या. “दादा, अकरा ऑर्डरी आल्यान! साताऱ्याला पन चाल्लीत आपली जांबलां!” बिल्डर सकाळीच येऊन गेला होता म्हणे. धर्मराजने झाडावरूनच त्याला सांगितलं, शेठ, आता जमणार नाय, बाहेरगावची मागणी हाय. चहासुद्धा दिला नाही.

मी तोंड उघडलं, मामा, देवाशप्पथ उघडलं. तेवढ्यात विठाबाईंनी एक जांभूळ त्यात घातलं. विषय राहून गेला. मग धीर करून मी एवढंच विचारलं की बाई, तीन वेबसाइट तयार आहेत, तुम्हाला कुठली ठेवायची? त्या म्हणाल्या, “जिच्यावर ऑर्डरी आल्यान ती. दुसरी कशाला ठेवायची?” पाच महिने! बावीस रकाने! तेविसावा वेगळा! घरी येऊन तक्ता फाडला आणि उरलेला दिवस गॅलरीत येरझाऱ्या घातल्या.

तर असं आहे. मामींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
उन्मेष

ता.क. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही हे एव्हाना लक्षात आलंच असेल. करंड्या आज दुपारी निघतायत, त्याआधी मी ते तुमच्या करंडीत पानांखाली सरकवतो आहे. म्हणजे जांभळं पोचली. पाच किलो आहेत, पैसे भरलेले आहेत, आजच शेजारी वाटा, उद्यावर टिकत नाहीत.

ता.क. २. संजीवनीबाई प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः फोन करणार आहेत. मामा, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. तरी पाया पडतो, “मी काही मागवलं नव्हतं” असं म्हणू नका. हेच सांगायला एवढं पुराण लावलं. हेच पत्र आणखी दहा करंड्यांत घालतो आहे, फक्त दुखणी बदलली आहेत.

ता.क. ३. प्राचीला शेवटी सगळं सांगितलं. ती म्हणाली, जा आणि खरं सांगून ये. म्हणून आज सकाळी पुन्हा गेलो. धर्मराज हातात डबा घेऊन झाडांवर चुन्याने आकडे घालत होता, एक ते चौदा. गिऱ्हाईक उद्या विचारेल कुठल्या झाडाचं आहे, तर सांगता आलं पाहिजे म्हणे. मी चुन्याचा डबा धरून उभा राहिलो आणि परत आलो.

ता.क. ४. बिल्डर जाताना सांगून गेला आहे, पुढच्या जूनला पुन्हा येतो. या वर्षी तुमच्या नावाने मी मागवली. पुढच्या वर्षी तुमची तुम्ही मागवा.