नदीपलीकडचं मैदान

प्रिय बेव्ह,

तुमच्या फुटबॉल मैदानावरच्या नव्या स्टँडचा फोटो ट्रेव्हरभावजींनी आम्हालाही पाठवला. छान झालाय. मी फोन उपडा ठेवला आणि भांडी घासायला गेले.

लग्न करून तू नदीपलीकडे क्रॉसबेकला गेलीस, त्याचं मला काही वाटलं नव्हतं. पण तू त्यांच्या क्लबाचा मफलर गळ्यात घातलास तेव्हा बाबांनी कितीतरी दिवस तुझं नाव टाकलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. बाबा आणि आपला ऑल्डरशॉचा क्लब, दोन्ही माझ्या एकटीच्या वाट्याला आले. पुढे तुमचा क्लब बुडाला आणि तुम्ही खुळ्यांनी घरोघर वर्गणी मागून तो विकत घेतलात, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. आम्हाला धनाढ्य मालक मिळाला होता ना! हेलिकॉप्टरमधून उतरला आणि त्याने नव्या स्टेडियमचं चित्र दाखवलं.

पुन्हा तो फारसा दिसलाच नाही. छपराचे पत्रे गंजले, संडासाचे नळ गळून पडले, उत्तरेकडचा स्टँड नगरपालिकेने बंद केला. आम्ही आपले म्हणत राहिलो, पुढच्या हंगामात होईल काहीतरी. वाट बघायची इतकी सवय झाली की तिलाच आम्ही निष्ठा म्हणायला लागलो.

जानेवारीत तुमच्याकडे सामना होता तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. बाबांनी सवयीने खुर्चीवर प्लास्टिक अंथरलं, वर छपराकडे बघितलं आणि घडी घालून ते परत खिशात ठेवलं. मध्यंतरात तू खिम्याची गरम पेस्ट्री आणून दिलीस, तेव्हा म्हणाले, “पोरी, तुमच्यात ढुंगण कोरडं राहतं गं.” आपल्या घरात याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाली आहे? मी इतकी वर्षं त्यांचा हात धरून त्यांना आमच्या मोडक्या पायऱ्या चढवतेय, मला नाही मिळाली.

तुझ्या घराचा, पोरांचा मला कधी हेवा वाटला नाही. पण उन्हाळ्यात तुझ्याकडे आले होते, तेव्हा तू मैदानावर शिडीवर चढून खांब रंगवत होतीस, केसांत निळा रंग, खाली तुमची माणसं चहा पीत तुझी चेष्टा करत होती. त्या शिडीवरून मी तुला ढकललं असतं.

आता ऐक. आमचा मालक कंटाळून निघून गेला. चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली, क्लब आम्हीच चालवायचा ठरला. अध्यक्ष व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा खाटीक गॉर्डन म्हणाला, “गेनरला करा, तिला ओरडता तरी येतं.” झाले मी अध्यक्ष. आणि पहिल्याच आठवड्यात तपासणीवाल्यांनी सगळं मैदान धोकादायक ठरवून फाटकाला कुलूप ठोकलं.

लीगने विचारलंय, खेळणार कुठे? मैदान नसेल तर आमचं नाव काढून टाकतील. म्हणून लिहितेय, बेव्ह. हा एक हंगाम, तुमचे सामने नसतील त्या शनिवारी, तुमच्या मैदानावर आम्हाला खेळू द्या. तुझ्या लोकांना विचार आणि त्यांना हो म्हणायला लाव. बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून नाही. त्यांना आनंद होईल, तो मला बघवणार नाही.

तुझीच धाकटी, आणि ऑल्डरशॉचीही,
गेनर