पापांच्या रायफलीसाठी हलकी काडतुसं

हास्ट, फेब्रुवारी

प्रिय पापा,

तुमच्या लेकीकडून खूप प्रेम. मी ठणठणीत आहे. तुमचा खांदा कसा आहे? आत्या जेवण आणून देते, की टोस्टवरच भागवताय?

ऑपरेशननंतर रायफलीचा धक्का सोसवणार नाही, म्हणून शिकार सोडली असं तुम्ही लिहिलंत.  मग माझ्याकडे ठेवलेल्या तुमच्या रायफलीसाठी मीच काडतुसं भरायला बसले. गोळी हलकी घेतली, दारूही कमी केली. (बंदुकीतली! तुमच्या जावयाची, हेमीची, तेवढीच आहे.)

निशाण्यावरची सगळी भोकं मुठीएवढ्या जागेत मावली. मी खूश. पण हेमी म्हणाला, "अगं, ही सशांची गोळी! हरणाच्या बरगडीवरच फुटेल, आणि बिचारं जखमी होऊन रानात तडफडेल."

खरं होतं त्याचं. मग तेवढ्याच वजनाची, पण आत शिरल्यावरच उमलणारी गोळी निवडली आणि नेम पुन्हा जुळवला. लांबून मारायची नाही, एवढंच.

काल ओढ्यापलीकडे हरणी दिसली. मी गोळी झाडली. हरणी दोन पावलं चालली आणि कोसळली. धक्का म्हणाल, तर कोकरानं ढुशी द्यावी तेवढाच. तरी डॉक्टरांना विचारा हं, लपवू नका.

एप्रिलमध्ये माजावर आलेले हरणांचे नर हंबरायला लागले की या. चढण सावकाश चढू, ओझं हेमी वाहील. गोळी झाडावीशी वाटली नाही, तर नुसते माझ्याशेजारी बसा. पण मला वाटतं, तुम्हाला झाडावीशी वाटेल.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
मारामा