कित्त्याची चौसाळ्यातली प्रत

केज,
२९ ऑक्टोबर १९९९

प्रिय सोमेश्वर,

तुझं जाड पाकीट दसऱ्याच्या आधीच पोचलं. पोस्टमननं ते अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी वरचं तुझं अक्षर ओळखलं आणि ते माझ्या टेबलावर ठेवून दिलं. आतला करार वाचला. तुझी पुण्याची कंपनी आपला ‘कित्ता’ विकत घेणार, त्याला कुलूप घालून राज्यभरच्या छापखान्यांना विकणार, आणि आपण लिहिलेला मूळ कोड यापुढे आपणच कुणाला द्यायचा नाही. तुझी सही झालेली आहे, माझ्या नावासमोरची जागा मोकळी आहे. सोबत तुझी एका ओळीची चिठ्ठी, ‘दिवाळीच्या आत पाठव.’ ना खुशाली, ना चौकशी. पुण्यात राहून माणूस तारेच्या भाषेत बोलायला लागतो की काय? उत्तराला उशीर झाला, कारण मधल्या दिवसांत इथे बरंच घडलं. सगळं सांगते. अर्धं वाचून बाजूला ठेवू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

आपण स्वतःचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम, हा कित्ता, लिहायला बसलो ते कशापायी, आठवतं? औरंगाबादहून शिकून परत आलो तेव्हा अप्पांनी छापखान्यातले अक्षरांचे शिशाचे खिळे पेटीत भरून ठेवून नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. मराठी टायपिंगचा प्रोग्राम विकत आणला, त्याच्याबरोबर बोटभर लांबीचं एक कुलूप आलं. ते मशीनच्या पाठीमागे खोचलं तरच अक्षर उमटायचं. ऐन लग्नसराईत ते बिघडलं. विकणाऱ्यानं फोनवर आधी आम्हालाच चोर ठरवलं आणि मग नवं कधी येईल ते सांगता येत नाही म्हणाला. अप्पांनी खिळे पुन्हा बाहेर काढले आणि भिंग लावून पत्रिका जुळवायला बसले. तू शिरूर कासारहून कपड्यांची पिशवी घेऊन आलास, मावसभावाच्या खोलीवर मुक्काम ठोकलास आणि दिवसभर माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायला लागलास. तेव्हा तू वैतागून म्हणाला होतास, ‘आपल्या हत्याराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात कशापायी असावी?’ हे वाक्य माझं नाही, तुझं आहे. मी नुसतं सांभाळून ठेवलंय.

आणि त्याच तुझ्याशी मी कित्त्यावरून भांडले, तेही भर एसटी स्टँडवर. मी चौसाळ्याच्या त्रिंबकला कित्त्याच्या फ्लॉप्या दिल्या, कोडसकट दिल्या, एवढाच माझा गुन्हा. त्रिंबक तिथे टायपिंगचा क्लास चालवतो. क्लासची पत्रकं छापायला आला होता, कित्ता बघून हरखला, मी दिला. तू म्हणालास, ‘तू लई शहाणी हायस. आपली मेहनत वाऱ्यावर उधळली.’ आणखी म्हणालास, कोड सगळ्यांना दिसला की चोरांचं फावतं. त्या दिवशी गाडी सुटत होती म्हणून माझं उत्तर राहून गेलं, ते आता घे. कुलूप आतून कसं असतं हे केजमधल्या प्रत्येक कुलूपवाल्याला ठाऊक आहे, तरी आमच्या दुकानात चोरी होत नाही, कारण किल्ली आमच्याकडे असते. जपायची ती किल्ली. गिऱ्हाइकाचा मजकूर, त्याचा पत्ता, त्याच्या घरातल्या गोष्टी जपायच्या. अक्षर कसं उमटतं यात लपवण्यासारखं काय आहे? उलट चार जणांनी आत डोकावलं तर कुठे फट राहिली ते कुणीतरी सांगेल. आता आमच्याकडे किल्ली कशी सांभाळतात ते विचारू नकोस. अप्पांनी कॉम्प्युटरचा पासवर्ड म्हणून आमच्या गुरूंचं नाव ठेवायला लावलं आणि कुणी विचारलं की मोठ्या भक्तीनं सांगतात, ‘आमच्या गुरूंचं नाव हाय.’ सगळ्या पेठेला आमचा पासवर्ड माहीत आहे. मी तो गुपचूप बदलला, तर अप्पांना वाटलं गुरूंचा अपमान झाला.

असो. नवरात्रात वीज अशी काही वरखाली झाली की हार्ड डिस्क जळाली. निवडणुकीच्या पत्रकांची गर्दी संपून मी जरा श्वास घेत होते, तेवढ्यात हे. बीडहून नवी डिस्क आणली ती खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी. तुला आमच्याकडची रीत माहीत आहे, खंडेनवमीला हत्यारं पुजायची आणि दसरा उलटेपर्यंत त्यांना कामाला लावायचं नाही. म्हटलं, हरकत नाही, कित्त्याच्या फ्लॉप्या ड्रॉवरमध्ये आहेत, नंतर चढवू. सकाळी मी फुलं आणायला गेले आणि इकडे आईनं पूजा मांडली. छपाईची ट्रेडल धुतली, कागद कापायची सुरी धुतली. मग तिच्या मनात आलं की अप्पांच्या हत्यारांना मान आणि पोरीच्या हत्यारांना नाही, हे बरं दिसत नाही. तिनं ड्रॉवरमधल्या सगळ्या फ्लॉप्या काढल्या, पाण्यात बुडवून स्वच्छ केल्या, प्रत्येकीची पत्र्याची झडप सरकवली आणि आतल्या चकतीवर ओल्या भस्माची तीन बोटं ओढली. मी आले तेव्हा पाटावर फ्लॉप्यांची रांग, प्रत्येकीवर झेंडूचं फूल, आणि आई कौतुकाच्या अपेक्षेनं माझ्याकडे बघतेय. मला हसावं की रडावं कळेना. मी रडले.

आता कित्ता उरला होता फक्त तुझ्या ऑफिसच्या मशीनवर, आणि तुझ्याकडून मागायचा तर आधी सही करून मागायचा. पुढे तुळशीचं लग्न, म्हणजे पत्रिकांची झुंबड ठरलेली. मी नुसती बसून होते. आईला काय बिघडलं ते दोनदा समजावलं, तेव्हा तिनं विचारलं, ‘अगं, पण शेजारी कुणाला दिलं असशील की न्हाई? आपलं दही नासलं की शेजारून इरजण आणतोच की आपण. तिकडनं आण.’ ज्या गोष्टीवरून तू मला स्टँडवर बोललास, ती न करणारं माणूसही असतं हे तिच्या गावीच नव्हतं. मी तशीच उठले. अप्पा म्हणाले, एकटी नको जाऊस, मीबी येतो. जीप बदलत बदलत दोघं चौसाळ्याला गेलो.

त्रिंबकनं मशीन सुरू केलं आणि म्हणाला, ‘घ्या की ताई, तुमचंच तर हाय.’ पण सोमेश्वर, ते आपलं होतं तसं राहिलेलं नव्हतं. चौसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि क्लासच्या पोरांची टाइप केलेली पानंच्या पानं उडायची. म्हणून त्रिंबकनं कोड उघडून वाचला, महिनाभर त्याच्याशी झुंजला आणि एक नवी सोय घातली. आता ओळ संपली की कित्ता ती आपणहून जपून ठेवतो. वीज जाऊ दे, मशीन बंद पडू दे, लिहिलेलं जात नाही. तुझ्या कंपनीतल्या हुशार मंडळींना हे सुचलं असतं का? त्यांच्याकडे वीज जाते कुठे? ज्याला ठेच लागते त्यालाच दगड हलवायची मुभा हवी, एवढंच माझं म्हणणं होतं, आणि तू म्हणत होतास मी उधळपट्टी करते. जे दिलं ते चांगलं होऊन परत आलं. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

त्रिंबकनं आणखी एक गोष्ट केली होती. ज्यांनी मूळ प्रोग्राम लिहिला त्यांची नावं पुसायची नाहीत, हा असा वाटून घेतलेल्या प्रोग्रामचा रिवाज आहे. मासिकाबरोबर आलेल्या लिनक्स या फुकट वाटल्या जाणाऱ्या प्रोग्रामच्या सीडीवर त्यानं तो वाचला होता. आपली नावं आपण कोडच्या पोटात लिहिली होती, छापखान्यात ती पडद्यावर येऊ दिली नव्हती. का नाही, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. त्रिंबकला ते माहीत असायचं कारण नव्हतं. त्यानं ती उचलून पहिल्याच पडद्यावर ठळक लावली. ‘कित्ता. कर्ते शिवांजली रुद्रप्पा आणि सोमेश्वर बंकट.’ अप्पांनी चष्मा पुसला आणि ते वाचलं. जन्मभर पत्रिका छापलेला माणूस, दोन नावं शेजारी आली की त्यांना काय दिसत असेल ते मला सांगायला नको. परतीच्या जीपमध्ये ते नव्या फ्लॉप्यांची पिशवी मांडीवर धरून बसले. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

गेल्या आठवड्यात तुझी बहीण मोहिनी छापखान्यात आली होती, तिच्या शाळेच्या कार्यक्रमाची पत्रिका घेऊन. आईनं तिला जेवायला बसवलं. निघताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘ताई, दादाला कित्ता इकायचा न्हाई. पण तो म्हणतो, हातात कायतरी मोठं असल्याबिगर अप्पाच्या दारात उभं राहायचं न्हाई.’ तिला तू शपथ घातली होतीस म्हणे. तिला बोलू नकोस, तिनं फार चांगलं केलं. किती वेडा आहेस तू. आपण दोघांनी मिळून केलेली एकच गोष्ट, ती विकून तू मला मागायला येणार होतास? मला तुझा इतका राग आला आणि इतकं बरं वाटलं की दिवसभर माझ्या हातून एकही ओळ धड टाइप झाली नाही.

पोटापाण्याचं म्हणशील तर त्याचीही वाट दिसतेय. परळीच्या आणि अंबाजोगाईच्या छापखान्यांनी कित्ता बसवून द्या, शिकवा, बिघडला तर या, असं कळवलंय. कुलूप न विकताही कामाचे पैसे घेता येतात, अप्पांनी आयुष्यभर तेच केलं. त्रिंबक म्हणतो, बीडच्या इंटरनेटच्या दुकानातून कित्ता जगासाठी मोकळा ठेवून देऊ. मी त्याला थांबवलंय. अर्धा कित्ता तुझा आहे, तुझ्या होकाराशिवाय मी तसं करणार नाही. तुझा करार सही न करता या पाकिटात परत पाठवतेय.

त्याच्याबरोबर दुसरा एक कागद आहे, तो आता उघड. काल दुपारी अप्पा स्वतः मशीनवर बसले. मला वाटलं कुणाची तरी पत्रिका असेल. एकेक बोटानं टाइप करत होते. मध्येच मान वर न करता विचारलं, ‘त्याच्या आईचं नाव ताराबाईच ना?’ मी हो म्हटलं आणि मग माझ्या लक्षात आलं. तुमचं बिरोबाच्या भक्तांचं घर आणि आमचं गळ्यात लिंग बांधणाऱ्यांचं घर, या दोन घरांची नावं एका कागदावर येताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. तेवढ्यात वीज गेली. अप्पांचे हात कळांवर तसेच राहिले. एवढं मन घट्ट करून लिहिलेलं गेलं आणि आता ते पुन्हा लिहिणार नाहीत, या भीतीनं मी जागची हलले नाही. बऱ्याच वेळानं वीज आली. मी मशीन सुरू केलं, कित्ता उघडला. अप्पा पडद्याजवळ वाकले, पत्रिकेतली आपली दोघांची नावं वाचली आणि म्हणाले, ‘हायती की दोघंबी.’ मग म्हणाले, तारखेची जागा मोकळी ठेव, ती बंकटरावांना इचारून भरू, पण आधी पोराला इचार. म्हणून हे पत्र, सोमेश्वर. विचारते. चालेल ना तुला?

तुझीच,
शिवांजली