काकूंचा निरोप

जरीपटका, नागपूर
७ ऑक्टोबर २०२५

प्रिय अंकुश,

सप्रेम जय भीम. तुळसाकाकू कामठीला तुमच्या घरी आल्या, सलाईन निघालं, काल वरणभात जेवल्या. हे फोनवरही सांगता आलं असतं; पण पुढचं ऐकून तू "जाऊ दे बे" म्हणाला असतास आणि मी लगेच जाऊ दिलं असतं. म्हणून लिहितोय.

दीक्षाभूमीच्या गर्दीत चुकलेल्यांचे निरोप घ्यायला आपल्या पोरांनी तंबू टाकला होता. गेटवर टाइप केलेला निरोप माईकवाल्याच्या पडद्यावर जायचा. प्रोग्राम तुझाच. मजकूर साठवणारी स्ट्रिंग तू मोकळी ठेवली होतीस. अक्षरं वाढली की ती मेमरीत मोठी जागा मागून घ्यायची. मी म्हटलं, जुना लॅपटॉप, कशाला उधळपट्टी? प्रत्येक निरोपाची जागा आधीच बांधून टाकली, वाढायची सोय काढली. जास्तीची अक्षरं गुपचूप गळायची. चाचणीला माझा निरोप काय, तर "प्रीतम, गेटवर ये." मेमरी किती वाचली ते सगळ्यांना दाखवत फिरलो.

काकूंनी आपल्या बायांच्या रीतीने सांगितलं. गोविंदाची घरवाली, माहेर, सासर, तालुका, जिल्हा, मग कामठी, मग सरिताताईचं नाव, आणि सगळ्यात शेवटी, "निळ्या कमानीपाशी बसली आहो, ये." माईकवरून ताईचं नाव गेलं, कमान गेलीच नाही. ताई मैदानभर धावत होती. काकू सांगितल्या जागेवरून हलेनात, पाण्याच्या रांगेतही गेल्या नाहीत. पोरगी आली आणि आपण दिसलो नाही तर? उन्हात चक्कर येऊन पडल्या.

एवढं ताईने तुला सांगितलंच असेल. निरोप कशाने तुटला, ते तिला माहीत नाही.

दवाखान्यात काकू मलाच म्हणाल्या, "माहंच चुकलं गा बाबू. गाव-तालुका काहून सांगत बसली मी? माईकवाला कंटाळला असन."

मी वर म्हणालो, "होतं असं, काकू." अंकुश, त्या वाक्याची इतकी लाज वाटते की ताटावर बसवत नाही.

काल कामठीला गेलो तर "बरी आहो", "जेवली", बस. कोणाची चौकशी नाही, गावची गोष्ट नाही. ताई म्हणाली, "आई बोलूनच नाही राहिली गा."

प्रोग्राममधली जागा पुन्हा मोकळी केली. त्याला वेळ लागला नाही. उद्या काकूंना खरं सांगणार आहे. त्या मला माफ करतील आणि तरी गप्पच राहतील, ही भीती आहे. तुझ्या फोनवर त्या नुसतं "बरी आहो" म्हणाल्या तर ठेवू नकोस. माहेर विचार. तालुका विचार.

तुझ्या आईचं बोलणं कापणारा,
प्रीतम