खिडकीबाहेरचं पोळं

९ जानेवारी १९७३, काष्टी
पाणी खोल गेलं म्हणून गहिनीनाथाच्या विहिरीत इंजिन खालच्या टप्प्यावर उतरवलं. त्याची खरी किंमत — घसरून मोडलेला माझा डावा पाय, मांडीपर्यंत प्लॅस्टर, शिमग्यापर्यंत ही खाट. डॉक्टर म्हणाले, विहिरीत उतरणं यापुढे विसरा. कूस बदलायलासुद्धा बायकोला हाक मारायची!

१२ जानेवारी
खिडकीला टेकलेल्या लिंबोणीच्या फांदीवर फुलोरी मधमाश्यांनी पोळं धरलंय, तळहाताएवढं. चांगुणा धूर करायला निघाली. म्हटलं, राहू दे, मला दुसरा सिनेमा कुठला?
"चावल्या तर पळनार हाय का तुमी?"
बायको असून बरोबर बोलते.

१५ जानेवारी
पोळ्याच्या कडेला रिकामी घरं दिसतात. सगळी सहा कोनांची. नटांचा डबा मागवला, थाळीत ओतला. गोल वायसर जवळजवळ लावले — मध्ये फटी. नट लावले — फट नाही, भिंतीला भिंत. फट चौकोनातही राहत नाही, पण कागदावर मांडून पाहिलं, तेवढ्याच जागेला चौकोनाची भिंत जास्त लागते. म्हणजे मेण जास्त. माशीनं मेण वाचवलं, आणि देखणंही केलं. दुपारभर पाय आठवला नाही.

१६ जानेवारी
चांगुणेला थाळी दाखवली. "जेवायची हाय ती."

२० जानेवारी
माझ्या हाताखालचा मिस्त्री मच्छिंद्र बैलगाडीत इंजिन घालून अंगणात आला. चालू केलं. मी आतून ओरडलो — नोझल बघ. निघालं नोझलच.
"अण्णा, तुमी पडून ऱ्हावा. इंजनं आमी आनतो."
आणा. पाय गेला तर गेला, माझा धंदा कानावर चालतो. हे कान आहेत तोवर घर उपाशी राहणार नाही.

२३ जानेवारी
एक माशी मानेला चावली. चांगुणेनं खिडकीच लावून घेतली. आता चार भिंती आणि मी. पण पोळं घुमतंय ते ऐकू येतं. भरदार आवाज. चांगुणेला म्हटलं, शिमग्याला मध काढू. ती मानेला चुना लावत राहिली.

२६ जानेवारी
अंधारात ऐकत पडलो. एकसारखी लय. नवं इंजिनसुद्धा असं चालत नाही.

२९ जानेवारी
मच्छिंद्रानं खिडकी उघडली. पोळं उघडं पडलेलं, माशी एक नाही.
चांगुणा म्हणाली, "खिडकी लावली त्याच्या दुसऱ्याच दिशी गेल्या. शिवारात फूल हाय कुठं? तुमी खुशीत हुता, म्हनून बोलले न्हाई."
आवाज अजून येतोय. दोन्ही कानांत बोटं घातली. तरी येतोय.