प्रेमिलेच्या लग्नाचा पदर

नागपूर, १२ मार्च १९७४

सौ. वच्छला,

ईश्वरदासचा आशीर्वाद. मी खुशाल आहो, खोकला थांबला. तुह्या आईचा गुडघा कसा आहे?

शेजारच्या धोंडबानं आपल्या साडीच्या काठाचा नमुना चोरून शेठले स्वतःचा म्हून दाखवला. शेठचं काम त्याले गेलं, आपला माग बंद पडला, मी इथं परक्याच्या मागावर येऊन बसलो. तवा तू म्हणाली, देवावर सोडा. सोडलं वं! तं देवानं त्याच्याच पोरीले, प्रेमिलेले, मास्तर नवरा दिला. अन् तिच्या लग्नाची साडी विणाले आली कोणापाशी? माह्यापाशी.

मी पदरात कच्चं सूत घातलं. भर मांडवात टर्रकन फाटावी, धोंडबाची मान खाली जावी. दोन दिवस खुशीत विणलं.

काल धोट्यात सुताची कांडी घालताना आठवलं, ही पोरगी लहानपणी आपल्या ओट्यावर बसून तुले कांड्या भरू लागायची. देव काही माहा हात धराले आला नाही. मीच सारा पदर धागा-धागा उकलला. आता पक्क्या सुतानं विणून राहिलो.

धोंडबाले माफ केलं नाही. त्याचं देवानं पाहावं, अन् लवकर पाहावं. माह्या मनातलं कच्चं सूत मलेच काढा लागते.

बोलावणं आलं तं लग्नाले जाजो. अन् चार बायांदेखत धोंडबाले सांगजो, हा पदर कोणं विणला ते.

ईश्वरदास