नऊ नंबरची चौकशी

पठार, पाटणच्या वर
२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
उदयसिंहचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नको, अजून तरी खुशाल हाय. फोनवर लिहिण्यासारखं न्हाई म्हणून कागद घेतला. आमचे मॅनेजर पृथ्वीराजसाहेब कवा कुणाचा फोन मागून चाळत बसतील सांगता येत न्हाई, आन् आमच्या पत्र्याच्या खोलीत बोललेलं पार पाटणच्या स्टँडवर ऐकू जातं. शिवाय आण्णा मिलिटरीत होते तवा त्यांना पत्रं तूच लिहायचीस, मी खाली नुसता शाईचा अंगठा उठवायचो. आता माझा नंबर.

माझं काम तुला माहीत हाय. पवनचक्कीच्या टॉवरवर चढायचं, पंखा थांबवायचा, आन् तिन्ही पाती जिथं जोडल्यात त्या मुंडक्यात वाकून शिरायचं, बोल्ट आवळायचे. आत एकच माणूस मावतो. तो आत असताना पंखा फिरला तर त्याचं काय होईल ते मी लिहीत न्हाई, तू नर्स हायस. तर इथल्या नऊ नंबरच्या मशीनचा ब्रेक धरत न्हाई. लावला तरी पंखा सरकतो, झोपेत कूस बदलल्यागत. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, मशीन जर्मनीचं हाय, तुझ्या गावचा रहाट न्हवं, पावसाच्या आधी सगळी उरकायची.

मी आन् ज्योतिबा आळीपाळीनं आत शिरतो. ज्योतिबा माझा जोडीदार, खालच्या वाडीतला, लय गमत्या गडी. त्याची आई अंबूबाई त्याच्या डब्यात माझी पण भाकरी बांधते, आन् मी दिसलो न्हाई तर चौकशीला वर येते. पुढच्या महिन्यात नऊ नंबरची पाळी हाय. ताई, मला भ्या वाटतंय. आण्णांना यातलं काही बोलू नको.

नर्सच्या नोकरीवर जर्मनीला जायचं म्हणून शिकतेस ती जर्मन कुठवर आली? आईला फोनवर म्हणून दाखवलीस तवा तिला वाटलं तुला खोकला झालाय. मशीनच्या दारावरच्या पाटीचा फोटो तुला मागं पाठवला होता, त्यावर काय लिहिलंय तेवढं कळव. लोभ हायेच, त्यासंगं थोडा चिवडा पण पाठव.

तुझा,
उदयसिंह


सांगली
९ फेब्रुवारी २०२५

चि. उदयसिंह यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

धपाटा एवढ्यासाठी की इतकं सगळं पोटात ठेवून तू संक्रांतीला घरी येऊन तिळाच्या पोळ्या हाणून गेलास आणि तोंडातून चकार शब्द काढला नाहीस. पाटीवर सरळ लिहिलंय, की ब्रेकबद्दल जरा जरी शंका असली तर आत कुणीही जाऊ नये. खाली बनवणाऱ्या कंपनीचा पत्ता आहे. तुमच्या साहेबांना जर्मन येत नाही हे त्यांचं सुख आहे.

आता ऐक. आमच्या जर्मनच्या क्रांती मॅडम सांगतात, घरातला चष्मा शोधणं वेगळं आणि एखाद्या प्रकरणाचा छडा लावणं वेगळं. चष्म्याला साधा शब्द चालतो. पण कचेरीच्या कागदात ‘नाखफोर्शुंगन आन्श्टेलन’ म्हणायचं. आपल्याकडं अर्जात ‘जरा बघा’ न लिहिता ‘सखोल चौकशी करण्यात यावी’ असं लिहितात, तसं. मॅडम म्हणाल्या, हे वाचल्यावर तिकडच्या माणसाला कागद बाजूला सारता येत नाही, उत्तर द्यावंच लागतं. मी दवाखान्याच्या जिन्यात इतक्यांदा घोकलं की वॉर्डातल्या मावशी मला गरम पाणी घेऊन आल्या.

मग विचार केला, शब्द हाताशी आलाय तर परीक्षेसाठी कशाला राखून ठेवायचा? मी त्या कंपनीला पत्र लिहिलं, नऊ नंबरच्या ब्रेकची चौकशी करावी म्हणून. मॅडमनी चुका काढून दिल्या आणि म्हणाल्या, असल्या पत्रात मोघम चालत नाही, माहिती कुणाकडून मिळाली तेही लिहावं लागतं. तसं सगळं व्यवस्थित लिहून काल मेलनं पाठवलंसुद्धा. खरं सांगू, पाठवल्यावर मला दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटलं. माझ्या भावाच्या डोक्यावरचं मशीन मी सांगलीत बसून थांबवणार आहे.

चिवडा वेगळ्या पिशवीत आहे, ज्योतिबालाही दे. माया आहे, म्हणूनच रागावते.

तुझी ताई,
शिवांजली


पठार
२१ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिवडा ज्योतिबानंच संपवला. तो म्हणतो, ताईंना सांग, जर्मनीला गेल्यावर असाच पाठवत जावा.

तुझं पत्र वाचून आधी लय बरं वाटलं, आन् मंग त्यातली एक ओळ परत वाचली. माहिती कुणाकडनं मिळाली ते लिहिलंस म्हणजे माझं नाव लिहिलंस का? एवढंच सांग. मी काय रागावलो न्हाई. पण इथं मागं एकानं दोर जुना झालाय म्हणून साहेबांच्या वरच्या साहेबाला फोन केला होता, तर त्याला त्याच जुन्या दोरावर महिनाभर पाती धुवायला लावली. आता तो पुण्यात रिक्षा चालवतो.

परवा नऊ नंबरवर नुसतं तेल बघायला गेलो होतो. ब्रेक लावला, आन् ज्योतिबानं गंमत म्हणून टोपी आत ठेवली. आमी डबा खाऊन बगतो तर पंखा सरकलेला आन् टोपी दोन लोखंडांच्या मधी चपाटून गेलेली. ज्योतिबा हसला. पण खाली उतरताना त्यानं प्रत्येक पायरीवर पट्ट्याचा हुक दोनदा बगितला. असं जपून उतरणं त्याच्या जन्मात न्हाई.

जर्मनांचं उत्तर आलं तर लगेच कळव. तुझ्या आशीर्वादावर सध्या जास्तच भार हाय.

तुझा,
उदयसिंह


सांगली
२ मार्च २०२५

चि. उदयसिंह यास,
आशीर्वाद. धपाटा या वेळी नाही.

उत्तर आलं. इतकं सभ्य पत्र मला आयुष्यात कुणी लिहिलं नसेल. सुरुवातीलाच माझे आभार मानलेत. पुढं तोच शब्द आहे, मी लिहिला होता तसाच. माझ्या तक्रारीवरून चौकशी सुरू केली आहे असं ते कळवतात. तो वाचून मी वॉर्डात पेढे वाटायच्या बेतात होते.

मग शेवटचा परिच्छेद वाचला. त्यात लिहिलंय, की मशीनची देखभाल तिथल्या ठेकेदाराकडं असल्यामुळं ही चौकशी त्यांच्याच मॅनेजरकडं सोपवली आहे, आणि सोयीसाठी माझं पत्र त्यांना जसंच्या तसं पाठवलं आहे. मी क्रांती मॅडमना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसल्या. भाषेत काही चूक नाही, एवढंच म्हणाल्या.

उदय, मी तुझं नाव लिहिलंय. पूर्ण नाव, कामाची जागा, आणि तू माझा सख्खा भाऊ आहेस हेही. मला वाटलं नाव असलं की पत्राला वजन येतं. ते वजन आता तुझ्या अंगावर आलंय आणि ते मीच टाकलंय. मी त्या कंपनीला पुन्हा लिहिलंय, अजून उत्तर नाही. तुझा फोनही लागत नाही. काय चाललंय ते लगेच लिही. वाटल्यास नोकरी सोडून घरी ये. आण्णांशी मी बोलेन.

तुझी,
शिवांजलीताई


पठार
७ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन लागणार न्हाई. साहेबांनी सगळ्यांचे गोळा करून कपाटात ठेवलेत. इथले फोटो बाहेर जातात म्हणाले.

तुझं पत्र त्यांच्या टेबलावर बगितलं. मला केबिनमधी बोलावलं, खुर्ची दिली, चहा पाजला. त्यांनी मला कधी चहा पाजला न्हाई ताई, म्हणून त्या चहाचंच भ्या वाटलं. आवाज चढवला न्हाई. तुझ्या जर्मनचं कौतुक केलं. म्हणाले, वरनं चौकशीचा हुकूम आलाय आन् तो पाळायचाच. ब्रेकचं दुखणं पहिल्यांदा तुला दिसलं, तवा चौकशी तूच करायची. मंगळवारी नऊ नंबरवर चढायचं, नुसत्या ब्रेकवर पंखा थांबवायचा, मुंडक्यात शिरायचं, आन् तो सरकतो का ते आतनं बगून फोटो काढायचे. एरवी आमी पंख्याला लोखंडी खुंटी घालून मंगच आत शिरतो, जरी पंखा सरकत असला की ती पण नीट बसत न्हाई. ती घालायची न्हाई म्हणाले, खुंटी घातली तर ब्रेक तपासणार कसा? बोलणं कसं सरळ हाय बघ.

न्हाई म्हटलं तर खोटी तक्रार केली असं लिहून सही द्यायची, म्हणजे दुसरीकडं कुठंच काम मिळणार न्हाई. आण्णांना काय तोंड दाखवू? ज्योतिबा म्हणतो, तू आत जा, मी बाहेर कान देऊन बसतो, जरा करकरलं की तुझी तंगडी धरून ओढतो. तो हसवायला बोलतो, पण मला हसू येत न्हाई.

तू मनाला लावून घेऊ नको. तू चांगल्यासाठीच केलंस. आशीर्वाद मंगळवारपर्यंत पुरंल एवढा पाठव.

तुझा,
उदयसिंह


सांगली
९ मार्च २०२५, रविवार

चि. उदय,

पोस्टाची वाट बघायला वेळ नाही. तुझं पत्र आणून देणारे लालासाहेबकाका पाटणच्या एसटीवर कंडक्टर आहेत, त्यांच्याच हाती हे देते. ते उद्या काहीही करून वर पोचवतील.

तू चढायचं नाहीस. ऐकतोयस ना, त्या मुंडक्यात पाय घालायचा नाहीस. सही देऊ नको, भांडू नको, नुसता आजारी पड. ताप आलाय म्हण. शाळा बुडवायला काखेत कांदा ठेवायचास, तसा ठेव आणि गोधडी घेऊन पडून राहा. अंगात ताप असलेल्या माणसाला टॉवरवर चढवता येत नाही, हा तुमच्याच कंपनीचा नियम आहे. काम पुढं ढकलावंच लागेल, तोवर मी तिकडं येते. मंगळवारी माझी जर्मनची परीक्षा आहे, नाहीतर आजच निघाले असते. शनिवारी नक्की येते.

हे पत्र वाचून चुलीत घाल. दुसरा कसलाही विचार करू नको. मला तू जिवंत हवा आहेस.

शिवांजलीताई


पठार
१४ मार्च २०२५

ताईस,
नमस्कार.

फोन परत मिळालेत. तुझे कॉल बगितले, उचलले न्हाईत. तोंडानं मला हे सांगता येणार न्हाई.

काकांनी पत्र सोमवारी दुपारी हातात दिलं. तू लिहिलंस तसंच केलं. मंगळवारी सकाळी ज्योतिबानं कपाळाला हात लावला आन् अंग तापलंय म्हणाला. कांद्यानं तापलं का भीतीनं, देवाला ठावं. मला वाटलं काम पुढं जाईल. साहेब दारात आले, गोधडीकडं बगितलं, आन् म्हणाले, हुकूम आजच्या तारखेचा हाय, मग ज्योतिबा जाईल. ज्योतिबा पट्टा बांधत होता. माझ्याकडं बघून म्हणाला, तू झोप गड्या, मी आलोच. तवा मला तोंड उघडता आलं असतं. तुझ्या पत्रातलं मी त्याला सांगितलं असतं तर तो पण चढला नसता. पण मंग माझं ढोंग साहेबांना कळलं असतं आन् मलाच जावं लागलं असतं. म्हणून मी गोधडी डोक्यावर ओढली.

पंखा सरकला. बाहेर कान द्यायला कुणी न्हवतं, कारण ते काम त्याचं होतं. त्याला खाली आणला तवा जीव गेलेला होता.

आता तुझ्या जर्मनीची दोन माणसं स्वतः येणार हायत, खरी चौकशी करायला. साहेब म्हणतात, दुभाषा म्हणून बहिणीलाच बोलव. ती दोघं मला पहिल्यांदा विचारणार, पाळी तुझी होती तर तू का चढला न्हाईस. मी मराठीत सांगणार आन् तू ते जर्मनमधी त्यांना सांगणार. काय सांगायचं ते तू ठरव. माझं डोकं चालत न्हाई.

मघाशी अंबूबाई वर आली होती. मला वाटलं शिव्या द्यायला आली, आन् दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सुतकात त्यांच्या घरी चूल पेटत न्हाई, म्हणून शेजारणीकडनं माझ्यासाठी पेज करून आणली होती. मंगळवारी टॉवरकडं जाताना ज्योतिबानं तिला निरोप धाडला होता म्हणे, उदयला ताप हाय, आज त्याला भाकरी नको, पेज दे. तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला. लय वेळ ठेवला. मंग ताप उतरला म्हणाली, आन् मी पेज संपवेपर्यंत समोर बसून राहिली. उद्या पण आणते म्हणून गेली.

लोभ ठेव असं लिहायचा धीर होत न्हाई.

उदयसिंह